आवाज विकणे आहे!

लंडनला गेल्यावर म्युझियम, मादाम तुसाँ आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटचं शॉपिंग सगळेच करतात. आम्ही एक अख्खा शनिवार घालवला सेकंडहँड गिटार अ‍ॅम्प्सच्या मागे. एकच ट्रेन, तीन स्टेशनं आणि एक कोडं: जुन्या डब्याला भाव येतो तो कशामुळे?

तुमच्या ऑफिसात कुणाच्या तरी डेस्कवर तो नक्की असणार. काळा, चौकोनी, रेट्रो लूकचा ब्लूटूथ स्पीकर आणि जाळीवर झोकदार अक्षरांत लिहिलेलं ‘मार्शल’. पहिल्या बोनसमधून घेतलेला, इन्स्टावर मिरवलेला. आता एक साधा प्रश्न. पाच वर्षांनी तो विकायला काढलात तर काय मिळेल? बॅटरी दमलेली असेल, नवं मॉडेल आलेलं असेल आणि एक्स्चेंज ऑफरमध्ये दुकानदार जो आकडा सांगेल तो ऐकून तुम्ही स्पीकर गपचूप घरी परत आणाल.

आणि आता गंमत ऐका. त्याच नावाचा, साठ वर्षांपूर्वीचा, रेक्झिन फाटलेला, एका हातानं उचलता न येणारा गिटार अ‍ॅम्प आज काही हजार पौंडांना जातो. त्याला ब्लूटूथ नाही, रिमोट नाही. चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं, आजोबांच्या रेडिओसारखं. तरीही लोक रांगेत उभे!

हे असं का, याचं उत्तर शोधायला लंडनसारखं दुसरं गाव नाही. कारण हे अ‍ॅम्प जिथे जन्मले ती जागा आणि जिथे ते पुन्हा पुन्हा विकले जातात ती गल्ली, या दोन्ही आज एलिझाबेथ लाइनवर आहेत. गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.

स्टेशन पहिलं: हॅनवेल

पश्चिम लंडनमधलं हॅनवेल हे काही टुरिस्टांच्या यादीतलं ठिकाण नाही. आपल्या लोकांना त्याच्या शेजारचं साउथॉल माहीत. साउथॉलला जिलेबी-समोसा हाणायचा आणि पुढच्या गाडीत बसायचं. मध्ये ब्रेंट नदीच्या खोऱ्यावरून गाडी एका उंच विटांच्या पुलावरून जाते. हा ब्रुनेलचा वॉर्नक्लिफ व्हायाडक्ट, १८३० च्या दशकातला. पूल संपला की लगेच हॅनवेलचं छोटंसं, व्हिक्टोरियन, चक्क गोड म्हणावं असं स्टेशन.

इथे मला घ्यायला आला होता माझा पुण्याचा मित्र. चार वर्षं आयटीतली नोकरी करून तो पुढच्या महिन्यात कायमचा परत निघालाय. फर्निचर देऊन झालं, सायकल विकून झाली. उरले दोन अ‍ॅम्प. एक डिजिटल मॉडेलिंगवाला, इथेच नवा कोरा घेतलेला. दुसरा फेंडर ब्लूज ज्युनिअर, १५ वॅटचा, एका स्पीकरचा, व्हॉल्व्हवाला. हा त्यानं सेकंडहँड घेतला होता. कॉलेजात फिरोदिया करंडकासाठी रात्र रात्र जागून गिटार वाजवणारा हा मुलगा. गेल्या दोन वर्षांत किती वाजवलं, असं विचारलं तर म्हणाला, “अगं, तो विषय नको काढूस.”

अक्सब्रिज रोड हा बसेस, किराणा आणि केशकर्तनालयांचा साधा रस्ता. इथेच ७६ नंबरला १९६० मध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमरनं दुकान टाकलं. हो, ड्रमर! तो ड्रम शिकवायचा आणि ड्रम विकायचा. त्याच्या शिष्यांबरोबर त्यांचे गिटारवाले दोस्त दुकानात यायला लागले. त्यांत पीट टाऊनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. पोरांची तक्रार एकच: आम्हाला हवा तसा आवाज देणारा अ‍ॅम्प इथे मिळत नाही. अमेरिकेचे फेंडर हवे असायचे, पण ते पडायचे महाग.

मग १९६२ मध्ये दुकानातला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि तरुण इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून जिमनं फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवलं आणि आपला अ‍ॅम्प बनवला. त्याचं नाव जेटीएम ४५. स्पष्टच सांगायचं तर कॉपी! पण बरेच भाग इथे मिळाले ते वापरले. ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर सेलेशन कंपनीचे. त्यामुळे आवाज वेगळाच निघाला, जाडाभरडा आणि गुरगुरणारा. पुढे टाऊनशेंडनं “अजून मोठा” म्हणत १०० वॅटचा हट्ट धरला. जिमकडे ड्रम शिकलेल्या मिच मिचेलनं त्याची ओळख जिमी हेंड्रिक्सशी करून दिली. हेंड्रिक्सचं पूर्ण नाव काय, माहितीये? जेम्स मार्शल हेंड्रिक्स. योगायोग म्हणतात तो असा!

जिम मार्शल २०१२ मध्ये गेला. कारखाना साठच्या दशकातच हॅनवेल परिसरातून मिल्टन कीन्सच्या ब्लेचलीला हलला होता. २०२३ मध्ये मार्शलचे हेडफोन आणि स्पीकर बनवणाऱ्या स्वीडिश कंपनीनंच मूळ अ‍ॅम्प कंपनी आपल्यात घेतली. २०२५ च्या जानेवारीत या मार्शल ग्रुपचा मोठा हिस्सा एका चिनी गुंतवणूक कंपनीनं घेतला, तेव्हा ग्रुपची किंमत धरली होती १.१ अब्ज युरो. डेस्कवरच्या त्या स्पीकरला वजन येतं ते इथल्या एका दुकानातल्या सोल्डरिंगमुळे!

१९५९ चा मार्शल? बॉस, फसलात!

सेकंडहँड बाजारातली सगळ्यात मजेशीर गफलत इथेच सांगून टाकते. ‘मार्शल १९५९’, ‘मार्शल १९६२’, ‘मार्शल १९८७’ अशा जाहिराती वाचून नवशिक्याला वाटतं, अरे वा, इतका जुना! पण हे सालच नाही. १९६५ पासून मार्शलचं वितरण रोझ-मॉरिस या कंपनीकडे गेलं आणि हे त्यांच्या कॅटलॉगमधले नंबर आहेत. १९५९ म्हणजे १०० वॅटचा सुपर लीड, १९८७ म्हणजे ५० वॅटचा, १९६० म्हणजे चार स्पीकरचं कॅबिनेट. १९५९ साली मार्शल अ‍ॅम्प अस्तित्वातच नव्हता. तरीही ‘१९६० सालचं ओरिजिनल कॅबिनेट’ म्हणून कालपरवाचं कॅबिनेट गळ्यात मारणारे महाभाग भेटतातच.

त्या कराराचा आणखी एक किस्सा. बर्मिंगहॅमला जिमचा एक जुना दोस्त मार्शल विकायचा. वितरण दुसऱ्याकडे गेल्यावर त्याची पंचाईत झाली. मग जिमनं त्याच्यासाठी ‘पार्क’ नावानं अ‍ॅम्प बनवले. नाव वेगळं, आतलं काम बरंचसं तेच. एके काळी मार्शलचा गरीब भाऊ असलेल्या साठच्या दशकातल्या पार्कवर आज जाणकार उड्या मारतात.

स्टेशन दुसरं: ईलिंग ब्रॉडवे

हॅनवेलपासून दुसरंच स्टेशन. इथे स्टेशनसमोरच्या एका तळघरात १९६२ मध्ये ईलिंग क्लब सुरू झाला. रोलिंग स्टोन्सची मंडळी एकमेकांना भेटली ती इथे. जवळच्याच ईलिंग आर्ट कॉलेजात पीट टाऊनशेंड शिकला आणि काही वर्षांनी तिथेच आला फरोख बलसारा, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी!

क्वीनचं नाव निघालं की अ‍ॅम्पवाल्यांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बँडचा बासवादक जॉन डीकन याला लंडनच्या एका रस्त्यावर, टाकाऊ सामानाच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या डीकननं तो घरी नेला, एका जुन्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. तोच ‘डीकी अ‍ॅम्प’. ब्रायन मेनं तो क्वीनच्या कितीतरी रेकॉर्डिंग्जमध्ये वापरला. पुढे त्याच्या प्रतिकृती निघाल्या आणि लोकांनी पैसे मोजून त्या घेतल्या.

मित्र हे ऐकून म्हणाला, “म्हणजे कचऱ्यात किंमत शून्य आणि क्वीनकडे अमूल्य. मग माझ्यासारख्यानं भाव ठरवायचा कशावरून?”

रास्त प्रश्न. त्यासाठी पुढचं स्टेशन.

स्टेशन तिसरं: टॉटनहॅम कोर्ट रोड

बाहेर पडलं की समोर आउटरनेटचे ते अवाढव्य झगमगते स्क्रीन. त्यांच्या मागच्या बाजूला, दोन मिनिटांत चालून संपणारी एक चिंचोळी गल्ली. डेन्मार्क स्ट्रीट! सतराव्या शतकाच्या अखेरीस वसलेली, विसाव्या शतकात संगीत प्रकाशकांची आणि आता गिटारवाल्यांची. ४ नंबरच्या रिजंट साउंडमध्ये रोलिंग स्टोन्सनं १९६४ चा पहिला अल्बम रेकॉर्ड केला. ६ नंबरच्या मागच्या खोल्यांत सेक्स पिस्टल्स राहिले. तिथल्या भिंतींवरच्या जॉनी रॉटनच्या चित्रांमुळे २०१६ मध्ये त्या इमारतीला वारसा यादीत वरचा दर्जा मिळाला. त्याआधी २०१५ मध्ये इथला लाडका १२ बार क्लब मात्र बंद पडला. नव्या बांधकामाच्या रेट्यात गल्ली बरीच चकाचक झाली, पण खिडक्यांत अजून गिटार लटकलेल्या दिसतात. त्यांच्या पायाशी अ‍ॅम्प आणि प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी.

या चिठ्ठ्या वाचणं हाच एक अभ्यास आहे. दोन-तीन दुकानं फिरलो आणि गणित हळूहळू उलगडत गेलं.

पहिली गोष्ट, दुकानाचा भाव आणि तुमचा भाव यांत दरी असणारच. ढोबळ हिशेब असा की दुकान तुमचा अ‍ॅम्प जितक्याला विकणार, त्याच्या साधारण अर्ध्याच्या आसपास तुमच्या हातात पडतात. जागेचं भाडं, तपासणी, वॉरंटी हे सगळं मधल्या रकमेत. थेट गिऱ्हाईक शोधलंत तर जास्त मिळतात, पण मग अनोळखी माणूस घरी येणार, तासभर वाजवणार आणि “विचार करून सांगतो” म्हणून गायब होणार.

दुसरी गोष्ट, डिजिटल वेगानं घसरतं. मॉडेलिंग अ‍ॅम्प म्हणजे डब्यातला कॉम्प्युटर. शंभर अ‍ॅम्पचे आवाज देतो, हेडफोन लावून रात्री वाजवता येतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी वरदानच. पण दरवर्षी चिप सुधारते आणि जुना लॅपटॉप जसा उतरतो तसा हाही उतरतो. बोर्ड गेला आणि कंपनीनं तो बनवणं थांबवलेलं असलं तर मेकॅनिक तरी काय करणार?

तिसरी गोष्ट म्हणजे खरी मेख. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दुरुस्त होतो. साठच्या दशकातला अ‍ॅम्प उघडलात तर एका पट्टीवर हातानं जोडलेले रेझिस्टर, कंडेन्सर, वायरी. सगळं डोळ्यांना दिसतं. एक भाग गेला, तो काढा, दुसरा बसवा, डाग द्या, झालं. ईसीसी ८३ नावाचा छोटा व्हॉल्व्ह तेव्हा जो होता तोच आजही बनतो. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांवर जगभरच्या गिटारवाल्यांची भिस्त आहे. म्हणूनच मार्च २०२२ मध्ये रशियाकडून निर्यात अडल्याची बातमी आली, तेव्हा व्हॉल्व्हचे भाव भडकले आणि लोकांनी साठेबाजी केली.

या दुरुस्तीचेही नियम आहेत बरं का. व्हॉल्व्ह बदलले, जुने कंडेन्सर बदलले, तर भाव पडत नाही. गाडीचे टायर बदलण्यासारखंच ते. पण मूळ ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर बदलला असेल तर किंमत खाली. नवं रेक्झिन चढवून चकचकीत केला असेल तर आणखी खाली! सत्तर-ऐंशीच्या दशकात कित्येकांनी आपल्या मार्शलच्या पत्र्याला भोक पाडून जास्तीचा नॉब बसवून घेतला. तेव्हा तो फक्त जुना अ‍ॅम्प होता, हौसेनं सुधारला. आज ते एक भोक शेकडो पौंडांना पडतं.

आणि चौथी, वजन. चार स्पीकरचं मार्शल कॅबिनेट ३६ किलोच्या आसपास भरतं. पूर्वी स्टेजवर त्यांची भिंत उभी करायचे. आता छोट्या क्लबातही अ‍ॅम्पसमोर माइक लावतात, घरात शेजारी आहेत आणि लंडनच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. म्हणून हेडला भाव आणि कॅबिनेट मात्र बिचारं स्वस्तात पडून. त्याउलट १५ ते २० वॅटचे छोटे कॉम्बो पटापट जातात.

सेकंडहँडमधून जन्मलेलं ऑरेंज

डेन्मार्क स्ट्रीटपासून चार पावलांवर न्यू कॉम्प्टन स्ट्रीट. १९६८ मध्ये इथे क्लिफ कूपर नावाच्या तरुणानं तळघरात स्टुडिओ थाटला. धंदा बेताचा. भाडं निघावं म्हणून त्यानं वरच्या दुकानात आपल्याच बँडचं सामान विकायला मांडलं आणि ते विकलं गेलं! पण मोठ्या कंपन्या या केसाळ पोराच्या दुकानाला नवा माल देईनात. मग त्यानं सेकंडहँड विकायला सुरुवात केली आणि शेवटी वैतागून स्वतःचेच अ‍ॅम्प बनवले, भडक नारिंगी रंगाचे. तोच ऑरेंज. आज ते दुकान तिथे नाही, पण ब्रँड जगभर आहे. भाड्यासाठी विकलेल्या सामानातून उभा राहिलेला!

मग त्या दोन अ‍ॅम्पचं काय झालं?

डिजिटलवाला २५० पौंडांना घेतला होता, दुकानानं ८० सांगितले. मित्रानं खांदे उडवले, पैसे घेतले. ब्लूज ज्युनिअर त्यानं ३५० ला घेतला होता, तोही वापरलेला. दुकान म्हणालं २००. घरी येऊन बघून गेलेला एकजण मात्र ३४० द्यायला तयार होता. म्हणजे तीन वर्षं वापरून तोटा फक्त दहा पौंडांचा. असा सौदा कोण सोडतो?

कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये बसून त्यानं घरी फोन लावला. विषय दुसराच होता, मध्येच अ‍ॅम्प निघाला.

“बाबा, विकूनच टाकतो. पुण्यात बिघडला तर दुरुस्त कोण करणार? व्हॉल्व्हचा आहे तो.”

“अरे, आपला मर्फी कोण दुरुस्त करायचं? पेठेतले रेडिओवाले काका अजून बसतात दुकानात. कोणता व्हॉल्व्ह आहे?”

“ईएल ८४.”

“मग झालं तर! तो तर रेडिओतलाच. बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची ते. घेऊन ये तू.”

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विमान कंपनीचा बॅगेजचा नियम उघडला. एका नगाला २३ किलो. ब्लूज ज्युनिअर साधारण १४ किलोचा. युरोपात विकलेलं मॉडेल असल्यानं २३० व्होल्टवर चालणारा, म्हणजे पुण्यात फक्त प्लग बदलायचा. ३४० पौंडवाल्याला त्यानं तिथूनच सॉरीचा मेसेज टाकला.

मला विचाराल तर रीसेल व्हॅल्यूचं उत्तर त्या फोनमध्ये होतं. वस्तूचं नाव, वय, रेक्झिनचा रंग या सगळ्यावर बाजार चालतो हे खरं. पण ज्याला उघडून बघता येतं आणि आपल्या गावात ज्याला नीट करणारं कुणी आहे, त्याची किंमत टिकते. ते दुकान एकदा बंद झालं की मग ब्रँड कुठलाही असो. पेठेतल्या काकांकडे शिकायला कुणी बसतंय का, हे आता मित्र परत गेल्यावर बघणार आहे. माझ्या मते गिटारपेक्षा तो प्रश्न महत्त्वाचा आहे.

घेताय? विकताय? हे बघा

• चालू करून अर्धा तास तरी वाजवा. काही बिघाड अ‍ॅम्प तापल्यावरच कळतात.

• स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच सगळ्यात महागाचा भाग.

• हौसेनं मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते काम मेकॅनिकचं.

• मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. अमेरिकन बाजारासाठीचा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्याकडे थेट लावलात तर संपला.

• बदललेले जुने भाग फेकू नका, डबीत ठेवा. विकताना ती डबी भाव वाढवते.

• विमानानं आणताना व्हॉल्व्ह काढून, क्रम लिहून, वेगळे गुंडाळून घ्या.

कसं जाल?

एलिझाबेथ लाइननं हॅनवेल, ईलिंग ब्रॉडवे आणि टॉटनहॅम कोर्ट रोड हे तिन्ही थांबे एका दिवसात आरामात होतात. सुरुवात हॅनवेलपासून करा, म्हणजे गोष्ट क्रमानं कळेल. पोटपूजा साउथॉललाच उरका. डेन्मार्क स्ट्रीटवर दुकानं उघडायला अंमळ उशीर होतो, त्यामुळे दुपार उत्तम. वाजवून बघायला पैसे पडत नाहीत, फक्त आधी विचारा. आणि हो, खिडकीतली चिठ्ठी वाचून रुपयांत गुणाकार करू नका. दिवस खराब जातो!